गाव नाही, की गाव अजून आलं नाही? : वेबपानावरच्या झाडाला सर्व्हरने माहिती कशी द्यावी

विषयाचं नाव फलकावर वाचून काही जण दचकले, हे मला मघाशी दाराशीच कळलं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला म्हातारा मास्तर आता संगणकावर बोलणार म्हणजे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण या विषयाकडे मी पुस्तकातून आलेलो नाही. आपल्या देऊळगाव राजातल्याच एका दुकानातून आलो. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते लक्षात येईल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी बसलो होतो. शेजारी तालुक्यातल्या एका खेड्यातले शेतकरी, वय माझ्याएवढंच. त्यांना एक अर्ज भरायचा होता. कुठल्या संकेतस्थळावर ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. दुकानातल्या मुलाने जिल्हा निवडला बुलढाणा, तालुका निवडला देऊळगाव राजा आणि गावाची यादी उघडली. यादी रिकामी. मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या तालुक्यात गावच नाही दाखवत." शेतकरी माझ्याकडे वळले. "सर, आमचं गाव उडवलं का हो यादीतनं?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मजुरी बुडवून कचेरीत चौकशीला गेले. तिसऱ्या दिवशी त्याच दुकानात तीच यादी उघडली, आणि गावं सगळी जागच्या जागी होती! गाव कुठेच गेलेलं नव्हतं. मग ती रिकामी यादी काय होती? पुण्याला माझी नात हेच काम करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, सर्व्हरला वेळेत माहिती काढता आली नसेल. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने चूक झाकायला रिकामी यादी पाठवली असेल. असं खूप ठिकाणी होतं."

'माहिती काढता आली नाही' याचं भाषांतर 'गाव नाही' असं झालं, आणि एका माणसाचा दिवस गेला. आजचं व्याख्यान या भाषांतराबद्दल आहे.

झाड म्हणजे काय

आधी शब्द समजून घेऊ. वेबपानावर 'ट्री' नावाची एक रचना असते. डावीकडे नावांची यादी, प्रत्येक नावाआधी एक छोटा बाण. बाणावर बोट ठेवलं की त्या नावाखाली आणखी नावं उघडतात, पुन्हा ठेवलं की मिटतात. यातल्या प्रत्येक नावाच्या जागेला 'नोड' म्हणतात. वरच्या नोडला पालक म्हणायचं, खालच्यांना मुलं. ज्याला मुलं नाहीत ते पान, आणि ज्याला पालक नाही ते मूळ. गंमत बघा, संगणकातल्या झाडाचं मूळ वर असतं आणि फांद्या खाली येतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ ज्यांना आठवतो, त्यांना हे चित्र नवीन वाटणार नाही.

आपल्या रोजच्या वापरातलं सर्वांत मोठं झाड म्हणजे महाराष्ट्राची महसुली रचना. वर राज्य, त्याखाली ३६ जिल्हे, जिल्ह्याखाली तालुके, तालुक्याखाली गावं. बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३. आपल्या तालुक्यात देऊळगाव मही, मेहुणा राजा, अंढेरा, सिनगाव जहांगीर वगैरे गावं. सातबारा बघायला तुम्ही महाभूलेखवर जाता तेव्हा जिल्हा, मग तालुका, मग गाव असं निवडत जाता. तिथे बाण दिसत नाहीत, एकापाठोपाठ एक याद्या दिसतात. पण आतला विचार झाडाचाच आहे. एक फांदी निवडली की तिच्या पोटातलं काय ते सर्व्हरला विचारायचं.

सगळं एकदम का पाठवू नये

कोणी म्हणेल, विचारायचं कशाला? सगळं झाड एकदाच पाठवून द्या. हिशोब करून बघू.

देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह संगणकात साठवायला आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीही वेगळी चिन्हं धरली जातात. 'देऊळगाव राजा' या नावात अशी ११ चिन्हं आणि एक मोकळी जागा. म्हणजे ३३ आणि १, एकूण ३४ बाइट झाले. त्यात ओळखक्रमांक, पालकाचा क्रमांक, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम हे सगळं मिळवलं की एका नोंदीला साधारण १०० बाइट धरायला हरकत नाही. महाराष्ट्रात गावं ४०,००० हून अधिक. म्हणजे ४० लाख बाइट, सुमारे चार एमबी. दाबून पाठवलं तर कमी होईल. पण पोचल्यावर ब्राउझरला ते उलगडून ४०,००० नोड सांभाळायचे आहेत, तेही साध्या मोबाइलमध्ये. आणि माणसाला हवं काय? एक गाव.

उलट मागेल तसं दिलं तर? आधी ३६ जिल्हे. बुलढाण्यावर बोट ठेवलं की १३ तालुके. देऊळगाव राजावर ठेवलं की गावं. ती शंभर धरली तरी सगळ्या मिळून दीडशेच्या आत नोंदी, पंधरा हजार बाइट. चार एमबीच्या जागी पंधरा केबी.

याला 'लेझी लोडिंग' म्हणतात. नाव आळशी असलं तरी पद्धत शहाणी आहे. पान पुन्हा न उघडता पाठीमागून सर्व्हरशी बोलण्याच्या तंत्राला जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ साली 'एजॅक्स' हे नाव दिलं, आणि अशी झाडं वेबवर सर्रास दिसू लागली.

सर्व्हरने उत्तरात काय द्यायचं

आता मुद्द्याचा भाग आला. ब्राउझर सर्व्हरला एकच प्रश्न विचारतो : या क्रमांकाच्या नोडची मुलं दे. सर्व्हर नोंदींची यादी पाठवतो. एक नोंद मराठीत वाचायची तर अशी दिसेल :

ओळखक्रमांक : ५००
नाव : बुलढाणा
पालक : २७
मुलं : आहेत, अजून आणलेली नाहीत

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि बुलढाणा जिल्ह्याचा ५००, म्हणून उदाहरणाला तेच घेतले. पहिल्या तीन ओळी सरळ आहेत. चौथी ओळ नीट बघा, सगळी मेख तिच्यात आहे. बाण काढायचा की नाही, हे ब्राउझरला मुलं आणण्याआधीच ठरवावं लागतं. म्हणून सर्व्हरने आगाऊ सांगायचं असतं की या नोडच्या पोटात काही आहे.

निरनिराळ्या तयार साधनांनी हे निरनिराळ्या रीतीने सोडवलं. 'जेएस-ट्री'मध्ये मुलांच्या जागी यादी न देता नुसतं 'हो' लिहिलं की ते बाण दाखवतं, आणि बोट ठेवल्यावर सर्व्हरकडे मागणी करतं. 'एक्स्ट-जेएस'मध्ये 'हे पान आहे' अशी खूण करतात, म्हणजे बाण येत नाही. 'डोजो'च्या झाडात तर एक प्रश्नच आहे, त्याचं नाव 'मे हॅव चिल्ड्रन', म्हणजे 'मुलं असू शकतील का?' 'आहेत का' असं ते विचारत नाही, 'असू शकतील का' एवढंच विचारतं. कारण नक्की काय ते बघायला डेटाबेसपर्यंत जावं लागेल, आणि ते बोट ठेवेपर्यंत लांबवायचं आहे. ज्याला अजून माहीत नाही त्याने माहीत नाही असं म्हणण्याची सोय त्या नावातच करून ठेवली आहे. मला ते फार आवडलं.

अभाव आणि अनुपलब्धी

इथे मला माझं जुनं दुकान उघडू द्या.

आपल्याकडे वैशेषिकांनी जगातल्या वस्तुजाताची जी मोजदाद केली, तिच्यात पुढे सातवा पदार्थ आला, त्याचं नाव अभाव. 'नसणं' हेसुद्धा जाणण्याजोगं काही आहे, असं त्यांनी मानलं. मग प्रश्न आला की नसणं कळतं कशाने? नैयायिक म्हणाले, प्रत्यक्षानेच. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, त्यासाठी वेगळं प्रमाण लागतं, त्याचं नाव अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं.

पण त्यांनी एक अट घातली. तिला योग्यता म्हणतात. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडोसा नाही, आणि तरी घडा दिसत नाही, तेव्हाच 'घडा नाही' म्हणायचा अधिकार मिळतो. अंधारात दिसला नाही तर घडा नाही असं ठरत नाही. एवढंच ठरतं की अंधार आहे.

आता दुकानातली रिकामी यादी आठवा. सर्व्हर अंधारात होता. डेटाबेसपर्यंत त्याचा हात पोचला नव्हता. तरी त्याने उत्तर दिलं : घडा नाही.

म्हणून मी म्हणतो, झाडाला माहिती देणाऱ्या सर्व्हरला चार वेगवेगळी उत्तरं देता आली पाहिजेत. पहिलं : मुलं आहेत, ही घ्या. दुसरं : मुलं आहेत किंवा असतील, मागाल तेव्हा देईन. तिसरं : मी नीट पाहिलं, मुलं नाहीत. चौथं : मला पाहता आलं नाही. तिसरं आणि चौथं यांची गल्लत हीच ती चूक.

तांत्रिक भाषेत बोलायचं तर सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला एक आकडा जोडलेला असतो. २०० म्हणजे ठीक झालं. ४०४ म्हणजे मागितलेलं सापडलं नाही. ५०० म्हणजे सर्व्हरमध्ये बिघाड. (हा ५०० आणि मघाचा बुलढाण्याचा ५००, दोन्ही एक नव्हेत, बरं का!) ५०४ म्हणजे ज्याला पुढे विचारलं त्याचं उत्तर वेळेत आलं नाही. डेटाबेस बिघडला असताना प्रोग्रामने चूक पकडायची आणि २०० च्या शिक्क्याने रिकामी यादी पाठवायची, याला सर्व्हरचं खोटं बोलणं म्हणतात. पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत, म्हणून लिहिणाऱ्याला बरं वाटतं. शेतकऱ्याला काय वाटतं ते आपण पाहिलं.

बरं, सर्व्हर खरं बोलला तरी ब्राउझरनेही ते नीट ऐकलं पाहिजे. बिघाडाचं उत्तर आलं तर त्या नोडवर 'उघडून झाला' अशी खूण करायची नाही. नाहीतर पुन्हा बोट ठेवलं तरी तो परत विचारत नाही, रिकामाच राहतो. तिथे साध्या मराठीत लिहावं : 'गावांची यादी आणता आली नाही. पुन्हा प्रयत्न करा.' आणि शेजारी एक बटण.

दुसरी एक गंमत घडते. माणूस घाईत आधी जालना निवडतो, लगेच चूक सुधारून बुलढाणा निवडतो. दोन मागण्या गेल्या. बुलढाण्याचं उत्तर आधी आलं, जालन्याचं रेंगाळत मागून आलं आणि त्याने पहिलं पुसून टाकलं. वर नाव बुलढाणा, खाली तालुके जालन्याचे! उपाय सोपा आहे. उत्तरासोबत पालकाचा क्रमांक यावा, आणि आत्ता निवडलेल्या पालकाचं उत्तर नसेल तर ब्राउझरने ते बाजूला ठेवावं.

नाव आणि ओळख

प्रश्न विचारताना नाव न पाठवता क्रमांक का पाठवायचा? आपल्या गावाचंच घ्या. आपण देऊळगाव राजा. दौंड तालुक्यात एक देऊळगाव राजे आहे. आपल्या तालुक्यात देऊळगाव मही, मेहकर तालुक्यात देऊळगाव साकर्शा. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद, शेजारी अख्खा जळगाव जिल्हा. आणि आपल्या जिल्ह्याचं नाव कोणी बुलढाणा लिहितो, कोणी बुलडाणा. सर्व्हर नावावर विसंबला तर अशा ठिकाणी तो कुठल्या कुठे जाईल.

शिवाय नावं बदलतात. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. क्रमांकावर बांधलेल्या झाडात अशा वेळी एका नोंदीतलं नाव बदललं की काम झालं. खालचे तालुके, गावं, त्यांना जोडलेले अर्ज यातलं काहीच हलत नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' आहे, ती जिल्ह्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला क्रमांक देते, ते याचसाठी.

आता समजा नाव तेच राहिलं आणि पालक बदलला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके नव्या पालकाकडे गेले. डेटाबेसमध्ये झाड ठेवायच्या दोन सोप्या पद्धती आहेत. एकीत प्रत्येक नोंद फक्त आपल्या पालकाचा क्रमांक सांगते. तिथे सहा ओळी बदलल्या की जिल्हा वेगळा झाला. दुसरीत प्रत्येक नोंद मुळापासूनची पूर्ण वाट लिहून ठेवते : राज्य, जिल्हा, तालुका, गाव. तिथे त्या सहा तालुक्यांतल्या प्रत्येक गावाची वाट नव्याने लिहावी लागेल. मग दुसरी पद्धत कोणी का वापरावी? कारण एखाद्या गावाचे सगळे पूर्वज तिच्यात एका झटक्यात मिळतात. पहिलीत एकेक पायरी चढावी लागते. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात अशी चढउतार एकाच प्रश्नात करण्याची सोय आली, आणि आजच्या प्रमुख डेटाबेसमध्ये ती आहे. म्हणून नव्याने काम करणाऱ्याने पहिलीपासून सुरुवात करावी, असं मी सुचवीन.

पूर्वज कशाला लागतात? शोधायला. कोणी वरच्या चौकटीत 'मेहुणा' लिहिलं, तर ब्राउझरकडे ते गाव नाहीच, कारण ती फांदी अजून उघडलेली नाही. ब्राउझरने आपल्यापुरतं शोधून 'सापडलं नाही' म्हणायचं, ही पुन्हा अंधारातली अनुपलब्धी झाली. शोध सर्व्हरवरच व्हायला हवा. आणि सर्व्हरने गावासोबत त्याची वरची साखळीही द्यायला हवी, म्हणजे झाड त्या फांद्या उघडत बरोबर मेहुणा राजापाशी येऊन थांबेल.

एक इशारा देतो. काही झाडांत सगळ्यांना सगळं दाखवायचं नसतं. उदाहरणार्थ, एखाद्या कचेरीच्या कागदपत्रांचं झाड. तिथे पडद्यावर फांदी लपवली म्हणजे ती लपली असं समजू नका. कोणीही क्रमांक बदलून सर्व्हरला थेट विचारू शकतो. म्हणून विचारणारा कोण आणि त्याला हे बघायचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक मागणीच्या वेळी तपासायचं.

दोन प्रश्न

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, तेही इथे देतो.

डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, दर वेळी विचारल्याने माणसाला थांबावं लागतं. थोडं तरी आधी पाठवता येणार नाही का?" येईल की. जिल्हे ३६ आणि तालुके साडेतीनशेच्या वर, मिळून चारशेच्या आसपास नोंदी. मघाच्या हिशोबाने चाळीस केबी. एवढं सुरुवातीलाच पाठवायला काही हरकत नाही. गावं तेवढी मागितल्यावर द्यावी. गावांची यादी रोज बदलत नाही, म्हणून ब्राउझरने ती काही दिवस जपून ठेवली तरी चालेल. मात्र जपून ठेवायची ती नीट आलेली यादी. बिघाडाचं उत्तर जपून ठेवू नये.

दुसरा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा होता. "सर, बिघाड झाला असं पडद्यावर दाखवलं तर खेड्यातला माणूस घाबरणार नाही का?"

मी त्यांना म्हटलं, गुरुजी, त्या दिवशी त्या शेतकऱ्याला 'यादी आणता आली नाही, थोड्या वेळाने बघा' असं दिसलं असतं, तर ते चहा पिऊन घरी गेले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले असते. ते घाबरले ते आपलं गाव नाही असं वाचून. बिघाडाची सवय त्यांना आहे. वीज जाते, मोटार जळते, पाऊस दगा देतो, त्यातून माणूस वाट काढतो. पण आपण यादीतच नाही, असं सरळ तोंडावर कोणी सांगितलं तर त्याने करायचं काय?

या सभागृहात प्रोग्रामिंग शिकणारी काही मुलंमुली बसली आहेत. तुमच्यापैकी कोणी उद्या असं झाड बांधेल. त्या वेळी रिकामी यादी पाठवण्याआधी स्वतःला एकदा विचारा : मी उजेडात पाहिलं का? पाहिलं असेल तर खुशाल 'नाही' म्हणा. नसेल पाहिलं, तर तसं लिहा.